सात दिवसांत मजकूर सुकत नाही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारी आपल्या घरबांधणीच्या पानावर लाकडी फरशी बसवण्याविषयी लेख आला आहे. माझ्या डोळ्याचं ऑपरेशन नुकतंच झाल्यामुळे सध्या पेपर बायको वाचून दाखवते. वाचता वाचता ती थांबली. म्हणाली, "स्लॅबवर पाच सेंटिमीटर जाडीचा लांबलचक मजकूर पसरावा आणि तो सात दिवस सुकू द्यावा. हे काय हो?" मी म्हटलं, पुन्हा वाच. तिनं पुन्हा वाचलं. तेच होतं. खाली आणखी एक वाक्य होतं : 'मजकूर ओला असताना त्यावर पाय ठेवू नये.'

आम्ही दोघं पोटभर हसलो. मूळ लेख इंग्रजी असणार, त्यात 'स्क्रीड' शब्द असणार आणि भाषांतर करणाऱ्यानं शब्दकोशात दिसला तो अर्थ उचलला असणार. एवढंच असतं तर मी पत्र लिहायला बसलो नसतो, म्हणजे बायकोला बसवलं नसतं. पण त्याच वाक्यातले 'सात दिवस' हसण्यावारी नेण्यासारखे नाहीत. त्यांच्याकडे मी शेवटी येतो. आधी शब्दाचं बघू.

मी सोळाव्या वर्षी बिगारी म्हणून कामाला लागलो, पुढे गवंडी झालो आणि शेवटची काही वर्षं साईटवर सुपरवायझर होतो. एवढ्या काळात 'स्क्रीड' हा शब्द मी तीन वेगवेगळ्या वस्तूंसाठी ऐकला आहे. त्यामुळे साईटवर जे घोळ होतात, ते पाहता तुमच्या भाषांतरकाराला मी फार दोष देत नाही.

पहिली वस्तू म्हणजे गिलाव्यातली पट्टी. भिंतीला गिलावा करण्याआधी त्याच मालाच्या, हाताच्या पंजाएवढ्या रुंद उभ्या पट्ट्या भिंतीवर ओढतात आणि मग दोन पट्ट्यांमधली जागा भरतात. ती पट्टी म्हणजे स्क्रीड. दुसरी वस्तू म्हणजे जी सरळ फळी किंवा ॲल्युमिनियमची पट्टी ओढून जास्तीचा माल काढतात ती. यंत्रावर आली की तिचंच मोठं रूप होतं. डांबरी रस्ता करणाऱ्या यंत्राच्या मागे जो जड, तापवलेला लोखंडी पाट ओढला जातो, त्यालाही स्क्रीडच म्हणतात. तिसरी वस्तू तुमच्या लेखातली, म्हणजे स्लॅबवर फरशीच्या खाली घालायचा वाळू-सिमेंटचा सपाटीचा थर. आम्ही त्याला कोबा म्हणतो. कोब्यावर उघडं चालायचं असेल तर तो वेगळ्या मालाचा आणि घोटून केलेला असतो. फरशीखालचा कोबा तसा नसतो, तो झाकला जाण्यासाठीच असतो.

एका साईटवरचे इंजिनिअर साहेब वाचनाचे शौकीन होते. त्यांनी मला या शब्दाचं मूळ सांगितलं होतं. जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ फाडलेला तुकडा, चिंधी, लांब पट्टी असा आहे. आज कागदपत्रं फाडण्याच्या यंत्राला 'श्रेडर' म्हणतात, त्यातला 'श्रेड' आणि हा 'स्क्रीड' भाऊ-भाऊ. लांबच लांब पट्टीवरून लांबच लांब लिखाण असा अर्थ आला, आणि मालाच्या पट्टीवरून गवंड्याचा. म्हणजे तुमचा 'लांबलचक मजकूर' अगदीच परका नाही, त्याच चिंधीचं दुसरं टोक आहे. (हे पत्रही आता त्याच वाटेनं चाललंय, असं लिहून घेणारी म्हणते.)

गंमत अशी, की आपल्या 'पट्टी' या शब्दानं ही सगळी कामं आधीच घेतली आहेत. भिंतीवर ओढतो ती पट्टी, हातात धरून फिरवतो तीही पट्टी आणि शाळेच्या दप्तरात असते तीही पट्टीच. साईटवर वस्ताद ओरडायचे, "पट्टीवर पट्टी ठेव आणि पट्टी मार." नवा पोरगा गोंधळायचा. एकदा हात बसला की चुकत नसे.

ही पट्टी कशाला लागते, हे मला उमगायला दोन वर्षं लागली. मला वाटायचं, भिंत सपाट करणं म्हणजे भरपूर माल मारून घोटत बसणं. माझा पहिला पूर्ण हात मी असाच मारला, नजरेनं. दिवसा भिंत झकास दिसत होती. संध्याकाळी वस्तादांनी भिंतीला चिकटून आडवा दिवा धरला आणि काही न बोलता निघून गेले. भिंतीवर लाटाच लाटा होत्या. समोरून पडणारा उजेड सगळं झाकतो, बाजूचा उजेड सगळं सांगतो. घर घेताना रंगाची छटा बघण्याआधी रात्री हा दिव्याचा प्रयोग करून बघावा.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला शिकवलं ते असं. आधी भिंतीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत दोरी ताणायची आणि सगळ्यात पुढे आलेला फुगवटा शोधायचा. सगळी भिंत त्या फुगवट्याच्या हिशेबानं चालते. तिथे गिलावा कमीत कमी जाडीचा येणार, साधारण दहा-बारा मिलिमीटर, आणि बाकी ठिकाणी आपोआप जास्त. हा फुगवटा न शोधता सुरुवात केली, की अर्ध्या भिंतीवर पोचल्यावर कळतं की इथे माल बसायला जागाच नाही. मग एक तर वीट तासा, नाहीतर आधी केलेलं सगळं उखडा.

मग ठिय्ये. वरच्या दोन कोपऱ्यांत मालाचे दोन छोटे ठिपके मारायचे, त्यांची जाडी ठरवायची आणि ओळंबा सोडून त्याच उभ्या रेषेत खाली दोन ठिय्ये बसवायचे. हे चार पक्के झाले की वर दोरी, खाली दोरी आणि दोरीला लागून मधले ठिय्ये. दोन ठिय्यांतलं अंतर हातातल्या पट्टीपेक्षा कमी हवं. दोन मीटरची पट्टी असेल तर दीड मीटर. हे इतकं साधं आहे, तरी पट्टी मधेच लटकणारी आणि गवंडी डोळे बारीक करून अंदाज घेणारा, असं दृश्य मी कितीदा बघितलंय. मग वरच्या आणि खालच्या ठिय्याच्या मधे माल भरायचा आणि दोन्ही ठिय्यांवर टेकवून पट्टी ओढायची. झाली स्क्रीड. भिंतीवर अजून नव्वद टक्के वीट उघडी असते, पण भिंत कुठे असणार हे ठरलेलं असतं. पुढे राहतं ते नुसतं भरणं.

भरायचं कधी, यात खरी मेख आहे. पट्ट्या लगेच भरायला घेतल्या तर त्या ओल्या असतात, त्यावर पट्टी टेकली की दबतात आणि सगळा हिशेब बुडतो. उलट पट्ट्या मारून चार दिवस सुट्टीवर गेलं तर त्या दगड होतात. मग नव्या आणि जुन्या मालाचा सांधा धरत नाही, तिथे केसासारखी चीर येते आणि रंग मारल्यावरही उभ्या उभ्या रेघा दिसत राहतात. बोटानं दाबलं तर खड्डा पडू नये, पण नखानं ओरखडा निघावा, एवढी पट्टी घट्ट झाली की भरायला घ्यावं. माल दोन पट्ट्यांच्या किंचित वर येईल असा मारायचा आणि पट्टी करवतीसारखी डावी-उजवी हलवत खालून वर न्यायची. जिथे पट्टी मालाला लागत नाही तिथे खळगा. तो भरायचा आणि पुन्हा फिरवायची. रंधा, म्हणजे गिलावा घोटायची लाकडी फळी, त्यानंतर. रंध्यानं पोत येतो, सपाटी येत नाही. भिंत वाकडी असेल तर रंधा ती वाकडी ठेवूनच गुळगुळीत करतो.

आणखी एक गोष्ट, जी मी स्वतःच्या कामात एकदा भोगली. घाईत ठिय्ये चटकन घट्ट व्हावेत म्हणून मी ते प्लास्टर ऑफ पॅरिसचे मारले आणि वर सिमेंटचा गिलावा केला. भिंत बाहेरची होती, ओल लागणारी. काही महिन्यांनी बरोबर ठिय्यांच्या जागी फुगे आले. जणू भिंतीला कांजिण्या. जिप्सम आणि सिमेंट यांची ओलीत रासायनिक कुरबुर होते, नवा पदार्थ तयार होतो, तो जागा जास्त घेतो आणि गिलावा ढकलून देतो. तेव्हापासून ठिय्या, पट्टी आणि भरणी या तिन्हींचा माल एकच, असा माझा नियम आहे. प्रमाणसुद्धा तेच. पट्टीला सिमेंट जास्त घातलं तर ती मजबूत होईल असं वाटतं, पण ती बाजूच्या मालापेक्षा वेगळी आकसते आणि कडेनं फाटते. ठिय्यांसाठी लाकडाच्या चकत्या लावल्या असतील तर त्या आठवणीनं काढून जागा भरावी. आत राहिलेलं लाकूड पाणी पिऊन फुगतं.

आजकाल नुसत्या लेसरच्या लाल रेषेवर भिंती होतात. मला लेसरचं वावडं नाही, ओळंबा वाऱ्यानं हलतो, लेसर हलत नाही. पण लाल रेषा पट्टीला टेकू देत नाही. रेषेवरून ठिय्या लावून घ्यावा लागतो, आणि काही ठिकाणी नेमकं तेच करायचं राहून जातं. ज्यांच्याकडे हे यंत्र नव्हतं त्यांचं काय अडलं होतं? त्याच साहेबांनी मला वाचून दाखवलं होतं, की दोन हजार वर्षांपूर्वी व्हिट्रुव्हियस नावाच्या रोमन वास्तुकारानं गिलाव्याविषयी लिहिताना म्हटलंय : लांबी पट्टीला आणि दोरीला जुळावी, उंची ओळंब्याला आणि कोपरे गुण्याला (काटकोन बघायच्या हत्याराला). ही चारही हत्यारं माझ्या पिशवीत होती. मला तेव्हा उगाच ताठ बसल्यासारखं झालं.

ही पट्टी सरळ आहे की नाही, हे मात्र कुणीच तपासत नाही. ॲल्युमिनियमची पट्टी साईटवर फेकाफेकीत वाकते. तपासायला सोपं आहे. तिच्या कडेनं जमिनीवर रेघ ओढा, पट्टी उलटी करून त्याच दोन टोकांना लावा आणि त्याच कडेनं पुन्हा रेघ ओढा. दोन्ही रेघा एक झाल्या तर पट्टी सरळ. मधे फट दिसली तर पट्टीतला वाक त्या फटीच्या निम्मा. पाणसळही तशीच : एका जागी ठेवून बुडबुडा बघा, तिथेच टोकं फिरवून ठेवा आणि पुन्हा बघा. बुडबुडा जागा बदलत असेल तर पाणसळ खोटी.

बुडबुड्यावरून आठवलं. आता जमिनीवरच्या स्क्रीडकडे, म्हणजे कोब्याकडे येतो. इथे भिंतीसारखीच युक्ती असते, फक्त आडवी. पाण्याच्या नळीनं खोलीभर एक मीटर उंचीची खूण फिरवून घ्यायची आणि तिच्यापासून खाली मोजून ठिय्ये लावायचे. एका मोरीचं काम मी असंच केलं होतं. नळीत बोटभर हवेचा बुडबुडा अडकला होता, तो मी बघितला नाही. पाणी दोन्हीकडे सारखं उभं राहिलं नाही आणि जाळीच्या बाजूची खूण जवळजवळ तीन सेंटिमीटर वर लागली. मी त्या खुणेवरून इमानदारीत पट्ट्या मारल्या, इमानदारीत भरलं. पाणी ओतलं तर ते जाळीकडे पाठ करून दाराकडे निघालं. सगळं फोडून पुन्हा केलं, अर्थात माझ्या खर्चानं. मोरीत मी दर 80 ला 1 असा उतार धरतो, म्हणजे मीटरला साडेबारा मिलिमीटर, आणि दोन मीटर लांबीला 25. एवढ्या थोड्या उतारात तीन सेंटिमीटरची चूक म्हणजे उताराचा चढ. त्यानंतर नळी भरली की मी ती पूर्ण हातातून सरकवत नेतो आणि दोन्ही टोकं शेजारी धरून पाणी सारखं आहे का ते आधी बघतो. मोरीत पट्ट्या एकमेकींना समांतर न मारता भिंतीकडून जाळीकडे, चाकाच्या आऱ्यांसारख्या मारायच्या. उतार पट्ट्यांतच बसतो, भरणाऱ्याला वेगळं डोकं लावायला लागत नाही.

कोब्याचा माल गिलाव्यासारखा सैल नसतो. तीन-चार भाग वाळूला एक भाग सिमेंट आणि पाणी इतकंच, की मूठ दाबली तर गोळा व्हावा, पण हाताला पाणी लागू नये. गोळा विखुरला तर पाणी कमी, बोटांमधून गाळ निघाला तर जास्त. असा माल नुसता पसरून पट्टी मारली तर वर सपाट आणि आत भुसभुशीत राहतो. तो धुमसून दाबावा लागतो आणि जाडी पाच सेंटिमीटरच्या वर असेल तर दोन थरांत. कोबा आतून घट्ट आहे का हे बघण्यासाठी ब्रिटनमध्ये एक साधं उपकरण आहे : चार किलोचं वजन एक मीटरवरून त्याच जागी चार वेळा सोडायचं आणि किती खड्डा पडतो ते मोजायचं. माझ्याकडे ते कधीच नव्हतं, मी हातोडीच्या दांड्यानं ठोकून आवाज ऐकतो. डबडब वाजलं की आत काही तरी सुटलंय.

सुटतं का, याचं कारण बहुतेक वेळा सिमेंटची स्लरी, म्हणजे पाण्यात पातळ कालवलेलं सिमेंट. जुन्या स्लॅबवर कोबा चिकटावा म्हणून स्लरी मारतात, ते बरोबरच आहे. पण सकाळी सगळ्या खोलीला स्लरी मारून ठेवतात आणि दुपारी कोबा घालतात. वाळलेली स्लरी चिकटवत नाही, उलट मधे पापुद्रा होऊन बसते. हातभर पुढे स्लरी, तिच्यामागे लगेच कोबा, असंच जायला हवं. स्लॅबला चिकटलेला कोबा अडीच सेंटिमीटरपासून चालतो. मधे प्लास्टिकचा कागद असेल तर पाच सेंटिमीटरच्या खाली जाऊ नये आणि थर्माकोलसारख्या मऊ थरावर असेल तर घरातसुद्धा साडेसहा. कारण खाली धरून ठेवणारं कुणी नाही, कोब्याला स्वतःच्या जिवावर उभं राहायचं असतं.

आता ते सात दिवस.

लेखकानं दोन गोष्टी एकात घातल्या आहेत आणि ही चूक भाषांतराची नाही. सिमेंट घट्ट होतं ते पाण्यामुळे, वाळल्यामुळे नाही. म्हणून पहिले सात दिवस कोबा वाळू द्यायचा नसतो, प्लास्टिकनं झाकून ओला ठेवायचा असतो. सात दिवस आले ते इथून. वाळण्याची सुरुवात प्लास्टिक काढल्यावर होते आणि तिचा हिशेब दिवसाला एक मिलिमीटर असा आहे, तोही खोली हवेशीर आणि कोरडी असेल तर. तुमच्या लेखातला पाच सेंटिमीटरचा थर म्हणजे 50 दिवस, आधीचे सात धरून जवळपास आठ आठवडे. पाच सेंटिमीटरच्या वरच्या प्रत्येक मिलिमीटरला मी दोन दिवस धरतो. साडेसहा सेंटिमीटर असेल तर तीन महिने. पाणी खालून जात नाही, फक्त वरून जातं, आणि जितकं खोल असेल तितकं हळू वर येतं. वरून कोबा पांढराफटक दिसतो, हात फिरवला तर कोरडा लागतो, आणि आत पाणी असतं.

दगडी किंवा सिरॅमिक फरशीला हे थोडंफार चालून जातं. लाकडाला चालत नाही. लाकडाची फळी खालून पाणी पिते, वरून कोरडी राहते. खालची बाजू फुगते, वरची नाही, आणि फळीच्या दोन्ही कडा उचलून ती पन्हळीसारखी होते. मी अशी एक खोली बघितली आहे. सुतारानं सुंदर काम केलं होतं, एकही फट नव्हती, आणि त्यामुळे फळ्यांना पसरायला जागाही नव्हती. सगळ्यांनी सुताराला धरलं. दोष कोब्याच्या पाण्याचा होता आणि ते पाणी मोजायला कुणी थांबलं नव्हतं.

मोजता येतं. कोब्यावर छोटी बंद पेटी हवाबंद चिकटवून तिच्यात आर्द्रतामापक ठेवतात आणि आकडा स्थिर होईपर्यंत थांबतात. लाकूड किंवा व्हिनाइलसाठी तो 75 टक्क्यांच्या खाली यावा लागतो. हे साधन नसेल तर मीटरभर प्लास्टिकचा तुकडा चारी बाजूंनी चिकटवून दोन-तीन दिवस ठेवावा. खाली थेंब जमले किंवा कोबा काळपट झाला तर काम थांबवावं. मात्र काही जमलं नाही म्हणजे कोरडा, असंही समजू नये. ही चाचणी फक्त 'नाही' सांगते, 'हो' म्हणत नाही. वाळवण्यासाठी हीटर लावून घाई करू नये. वरचा थर आधी आकसतो आणि कोब्याच्या कडा फळीसारख्याच वर उचलतात.

म्हणून विनंती अशी, की येत्या रविवारी त्याच पानावर, त्याच आकाराच्या अक्षरात दुरुस्ती छापावी. 'लांबलचक मजकूर'च्या जागी 'कोबा' आणि 'सात दिवस सुकू द्यावा'च्या जागी 'सात दिवस झाकून ओला ठेवावा, नंतर जाडीच्या दर मिलिमीटरला किमान एक दिवस'. कुणी लेख वाचून सातव्या दिवशी सुताराला बोलावलं असेल, तर त्यांनी फळ्यांचे गठ्ठे त्या खोलीतून आधी बाहेर काढावेत. नुसते ओल्या कोब्यावर रचून ठेवले तरी ते पाणी घेतात.

आपला,
एक निवृत्त गवंडी
(मजकूर लिहून घेणारी : सौ.)